टेस्टर पेटला नाही म्हणजे वायर मेली असं नाही: नव्या वायरमनने मीटर आणि हत्यारं कशी निवडावीत

तासगाव भागातल्या एका द्राक्षबागेच्या पंपघरात दुरुस्तीला गेलो होतो. मोटार उचलत नव्हती. बरोबर आयटीआय संपवून चार महिने झालेला एक पोरगा होता. स्टार्टरची पेटी जरा उंच, म्हणून त्याने द्राक्षाचा प्लास्टिकचा क्रेट उलटा घातला, त्यावर चढला आणि खिशातला टेस्टर टर्मिनलला टेकवला. दिवा पेटला नाही. "काका, फेजच येत नाही," म्हणाला आणि पेटीत हात घालणार एवढ्यात मी त्याला मागे ओढलं. मीटर लावून बघितला, तर तिन्ही फेजवर पुरा सप्लाय होता.

टेस्टर चांगला होता. त्याच्या आत निऑनचा बारीक दिवा असतो आणि त्याच्याबरोबर सिरीजमध्ये साधारण दहा लाख ओहमचा रेझिस्टर. फेजचा अगदी थोडा करंट त्यातून, आपल्या बोटातून आणि अंगातून जमिनीत उतरतो, तेव्हा तो दिवा पेटतो. पोरगा प्लास्टिकच्या क्रेटवर, पायात रबरी चप्पल. करंटची वाट जवळजवळ बंद. जी काही अंधुक लाली आली असेल ती दारातून आलेल्या उन्हात दिसली नाही. म्हणजे ज्या गोष्टीने तो शॉकपासून वाचू शकला असता, त्याच गोष्टीने टेस्टरला खोटं बोलायला लावलं.

सांगली, मिरज, कुपवाड, तासगाव, पलूस या पट्ट्यात दरवर्षी नवी पोरं या धंद्यात येतात. पहिल्या पगारात पक्कड, स्क्रू ड्रायव्हरचा सेट आणि दोन-तीनशे रुपयांचा पिवळा मीटर घेतात. दुकानदारही तेच हातात देतो. कुठलं हत्यार कुठं चालतं हे शिकवणारं माणूस भेटेपर्यंत वर्ष-दोन वर्षं जातात, आणि ती वर्षंच धोक्याची असतात. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय.

आधी एक पक्कं करून घ्या. इन्सुलेटेड हत्यार चालू लाईनवर काम करायची परवानगी देत नाही. सप्लाय बंद करून, तो बंद झाल्याची खात्री करून काम करायचं, हीच पद्धत. हत्यारावरचं इन्सुलेशन हे चूक झालीच तर आपल्या आणि करंटच्या मध्ये उभं राहणारं शेवटचं कवच आहे. आणि परवाना हातात येईपर्यंत परवानाधारक ठेकेदाराच्या किंवा सुपरवायझरच्या हाताखालीच काम करा.

पायरी 1: आपण कुठं उभं राहून मोजणार ते ठरवा

मीटर घेताना बहुतेक जण तो किती व्होल्टपर्यंत मोजतो ते बघतात. मी आधी तो कुठं मोजायला बनवलाय ते बघतो. मीटरच्या पुढच्या बाजूला, वायर खोचायच्या भोकांजवळ, कॅट (कॅटेगरी, म्हणजे मोजायच्या जागेचा वर्ग) असं इंग्रजीत छापलेलं असतं आणि पुढे रोमन आकडा: दोन उभ्या रेघा म्हणजे कॅट टू, तीन रेघा म्हणजे कॅट थ्री, एक रेघ आणि पुढे इंग्रजी व्ही म्हणजे कॅट फोर. त्याला लागून 300, 600 किंवा 1000 व्होल्ट असा आकडा.

कॅट टू म्हणजे सॉकेटला लावलेली उपकरणं: मिक्सर, टीव्ही, फ्रिज. कॅट थ्री म्हणजे इमारतीतलं पक्कं वायरिंग, डिस्ट्रिब्युशन बोर्ड, पॅनेल, थ्री फेज मोटार आणि तिचा स्टार्टर. कॅट फोर म्हणजे सप्लाय जिथून आत येतो ती जागा: मीटरची पेटी, सर्व्हिस वायर, खांबावरून येणारी लाईन.

हे कॅटचे वर्ग का केले? लाईनवर नेहमी 230 किंवा 415 व्होल्टच असतात असं नाही. वीज पडली, मोठी मोटार बंद झाली, कॅपॅसिटर बँक जोडली गेली, की क्षणभरासाठी हजारो व्होल्टचा झटका लाईनवरून पळतो. त्याच क्षणी तुमच्या हातात मीटर असला तर तो झटका मीटरच्या आत ठिणगी पाडू शकतो. घरातल्या सॉकेटपर्यंत येताना लांब बारीक वायरमुळे त्या ठिणगीमागचा करंट बराच रोखला जातो. पॅनेलमध्ये तसं होत नाही. ठिणगी पडली की तिच्या मागून मेन लाईनचा करंट धावून येतो आणि मीटर हातात फुटतो. गावाकडच्या 100 केव्हीएच्या डीपीचं उदाहरण घ्या. त्या ट्रान्सफॉर्मरच्या एलटी, म्हणजे 415 व्होल्टच्या बाजूच्या टर्मिनलवरच शॉर्ट झाला, तर करंट तीन हजार अँपियरच्या आसपास जाऊ शकतो. वेल्डिंग मशीन शे-दोनशे अँपियरवर चालतं, त्यावरून अंदाज घ्या.

इथं नव्या माणसाची एक हमखास गल्लत होते. एका मीटरवर कॅट टू 1000 व्होल्ट, दुसऱ्यावर कॅट थ्री 600 व्होल्ट. हजार मोठा, म्हणून पहिला भारी, असं वाटतं. दोघांचीही 6000 व्होल्टच्या झटक्यावर परीक्षा होते. फरक त्या झटक्यामागच्या जोराचा आहे. कॅट टूच्या परीक्षेत झटका 12 ओहममधून येतो, म्हणजे करंट 500 अँपियरपर्यंत. कॅट थ्रीच्या परीक्षेत फक्त 2 ओहममधून, म्हणजे 3000 अँपियरपर्यंत. पॅनेलवर काम करणाऱ्याला दुसराच मीटर हवा.

आपल्याकडचा वायरमन सकाळी विश्रामबागेत कुणाचा गिझर बघतो, दुपारी कुपवाड एमआयडीसीत पॅनेल उघडतो आणि संध्याकाळी नदीकाठच्या पंपघरात मीटरच्या पेटीसमोर उभा असतो. तीन जागांसाठी तीन मीटर कोण बाळगणार? म्हणून सरळ कॅट थ्री 1000 व्होल्ट आणि कॅट फोर 600 व्होल्ट असे दोन्ही शिक्के असलेला मीटर घ्या. तेवढं बजेट नसेल तर कॅट थ्री 600 च्या खाली येऊ नका, आणि तो मीटर घेऊन सर्व्हिस वायरच्या बाजूला जाऊ नका.

पायरी 2: मीटरच्या आत काय आहे ते बघा

बाहेरचा शिक्का खरा की छापलेला, हे बऱ्याचदा फ्यूजवरून कळतं. दुकानात मीटरचं मागचं झाकण उघडून दाखवायला सांगा, किंवा माहितीपत्रकात फ्यूजचं वर्णन शोधा. चांगल्या मीटरमध्ये वाळू भरलेला सिरॅमिकचा जाड फ्यूज असतो आणि त्यावर 600 किंवा 1000 व्होल्ट लिहिलेलं असतं. स्वस्त मीटरमध्ये रेडिओत असतो तसला काचेचा फ्यूज, 250 व्होल्टचा. शॉर्ट झाल्यावर काचेच्या फ्यूजची तार वितळते, पण तिच्या जागी ठिणगी चालूच राहू शकते. सिरॅमिकमधली वाळू ती ठिणगी गिळते.

त्या पिवळ्या स्वस्त मीटरवर 10 अँपियरच्या भोकाजवळ बारीक इंग्रजी अक्षरात 'अनफ्यूज्ड' असं छापलेलं सापडेल. म्हणजे त्या भोकातून आत फ्यूजच नाही. ते वाचून बघा आणि पुढची गोष्ट लक्षात ठेवा.

मी नवा असताना एका वर्कशॉपमध्ये माझ्या जोडीदाराने कंट्रोल सर्किटचा करंट मोजला. लाल वायर 10 अँपियरच्या भोकातच राहिली. नंतर त्याच मीटरने तो फेज-टू-फेज व्होल्टेज बघायला गेला. अँपियरच्या भोकात वायर असली की मीटर म्हणजे जवळपास सरळ तारेचा तुकडा. दोन फेज त्या तुकड्याने जोडले गेले. मोठा आवाज झाला, मीटर फाटला, त्याच्या दोन्ही हातांची कातडी भाजली. डोळ्यांना चष्मा होता म्हणून डोळे राहिले. त्यानंतर मी स्वतःला एक सवय लावली: करंट मोजून झाला की वायर भोकातून काढल्याशिवाय मीटर खाली ठेवायचा नाही. तुम्ही ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

खरं तर आपल्या कामात सर्किट तोडून करंट मोजायची वेळ फार येत नाही. टाँग टेस्टर घ्या. जबडा उघडून एका वायरभोवती अडकवला की करंट कळतो, काही सोडावं लागत नाही. हल्लीच्या टाँग टेस्टरमध्ये व्होल्टेज, कंटिन्यूटी (वायर सलग आहे का ते), रेझिस्टन्स सगळं असतं. नव्या माणसाला मोजायचं एकच उपकरण परवडत असेल, तर मी मल्टिमीटरऐवजी चांगला टाँग टेस्टर सांगेन. तो घेताना दोन प्रश्न विचारा.

पहिला, ट्रू आरएमएस आहे का? कुपवाड आणि मिरज एमआयडीसीत आता बऱ्याच मशीनवर व्हीएफडी, म्हणजे मोटारीचा वेग कमी-जास्त करणारे ड्राईव्ह असतात. त्यांचा करंट सरळ साईन वेव्हचा नसतो आणि साधा मीटर तिथं चुकीचा आकडा दाखवतो, बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा कमी. मोटार गरम का होते हे शोधताना कमी आकडा दिसला, तर तुम्ही दोष भलतीकडेच शोधत बसाल.

दुसरा, डीसी करंट मोजतो का? गावोगावी सौर कृषी पंप लागलेत. साधा टाँग टेस्टर फक्त एसी करंट मोजतो. सौर पॅनेलच्या बाजूचा डीसी मोजायला वेगळ्या सेन्सरचा टाँग लागतो. सोलरवर आणखी सांभाळायचं ते असं, की दिवसा पॅनेलला बंद करता येत नाही. ऊन आहे तोवर तिकडे काहीशे व्होल्ट डीसी असतात, आणि एसीसारखा तो सेकंदात शंभर वेळा शून्यावर येत नाही, त्यामुळे पडलेली ठिणगी विझत नाही. तिथला कनेक्टर लोडवर असताना कधीही ओढू नका.

मीटरच्या वायरी, म्हणजे लीड, यांवरही कॅटचा शिक्का असतो. मीटर कॅट थ्रीचा आणि लीड फूटपाथवरून घेतलेली असेल, तर सगळी जोडी लीडच्याच लायकीची. टोकाची उघडी सुई बारीक आणि आखूड हवी. कॅट थ्री आणि फोरच्या लीडवर टोपण चढवलं की साधारण 4 मिलिमीटरच धातू उघडा राहतो. लांब सुई पॅनेलमध्ये दोन टर्मिनलना एकदम टेकते आणि शॉर्ट होतो. चांगल्या लीडचं इन्सुलेशन दोन थरांचं, आतला थर वेगळ्या रंगाचा असतो. आतला रंग दिसायला लागला की लीड बदला.

कंपन्यांची नावं विचारतात म्हणून सांगतो. मीटरमध्ये फ्लूक महाग पण भरवशाचा. आपल्या नाशिकच्या ऋषभ आणि मोटवाने यांचे मीटरही बघा. पण नाव बघून डोळे मिटू नका. शिक्का, फ्यूज आणि लीड या तिन्ही गोष्टी प्रत्येक मॉडेलवर स्वतः तपासा, कारण एकाच कंपनीत वेगवेगळ्या कॅटची मॉडेल असतात. व्हीडीई, टीयूव्ही, यूएल अशा बाहेरच्या प्रयोगशाळेची खूण असेल तर उत्तम. सीई ही खूण बहुतेक वेळा उत्पादक स्वतःच लावतो, तिच्यावर एकटीवर विसंबू नका.

पायरी 3: सप्लाय मेलाय हे सांगणारं साधन वेगळं ठेवा

निऑन टेस्टर खिशात असू द्या, मीही ठेवतो. फेज कुठल्या वायरला आहे एवढा अंदाज घ्यायला तो ठीक. पण वायर मेलीय हे ठरवायला तो कधीच वापरू नका. न्यूट्रल तुटलाय का, हेही तो धड सांगत नाही.

वायरजवळ नेला की वाजणारा, पेनासारखा बिनस्पर्शाचा टेस्टर हल्ली सगळ्यांकडे दिसतो. तो वाजला तर सावध व्हा. वाजला नाही तर काहीच सिद्ध झालं नाही. आर्मर्ड (लोखंडी कवचाच्या) केबलच्या आतला सप्लाय त्याला कळत नाही, डीसी कळत नाही, सेल उतरला तर तो गप्प बसतो.

काही जुने लोक होल्डरला दोन उघड्या वायरी लावून टेस्ट लॅम्प करतात. थ्री फेजसाठी दोन बल्ब सिरीजमध्ये घेतात, कारण एकटा बल्ब 415 वर उडतो. ही युक्ती चालत आली, पण हातात उघड्या तारा, फुटणारी काच आणि मध्ये फ्यूज नाही. नव्या माणसाने यात पडू नये.

मेलीय की नाही ठरवायला सर्वांत चांगला तो टू-पोल टेस्टर. दोन हँडल, मध्ये वायर, एका हँडलवर 12, 24, 50, 120, 230, 400 असे दिवे. अंगातून करंट जावा लागत नाही, त्यामुळे क्रेटवर उभे राहा की ओल्या जमिनीवर, उत्तर तेच. सेल उतरला तरी धोक्याचं व्होल्टेज दाखवतील अशी मॉडेल मिळतात, तसलंच निवडा. आणखी एक फायदा. लांब पाईपमधून शेजारी-शेजारी वायरी गेल्या असतील तर बंद वायरवरही डिजिटल मीटर कधी 60, कधी 90 व्होल्ट दाखवतो, कारण त्याचा स्वतःचा रेझिस्टन्स फार जास्त असतो. टू-पोल टेस्टर थोडा लोड टाकून बघतो, म्हणून असलं भुताटकीचं व्होल्टेज त्यात बहुतेक गळून जातं.

आता वापरायची रीत. हा भाग पाठ करा.

1. मेन स्विच किंवा एमसीबी बंद करा. कुलूप लावता येत असेल तर लावा. किटकॅट (उपसता येणारा फ्यूज) असेल तर उपसून स्वतःच्या खिशात ठेवा. "काम चालू आहे, स्विच चालू करू नये" अशी पाटी लटकवा.

2. टेस्टर आधी नक्की चालू असलेल्या जागी लावून बघा. दिवे लागलेच पाहिजेत.

3. मग कामाच्या जागी लावा. थ्री फेज असेल तर तिन्ही फेज एकमेकांत, प्रत्येक फेज न्यूट्रलला, प्रत्येक फेज अर्थिंगला आणि शेवटी न्यूट्रल-अर्थिंग, अशा दहा जोड्या होतात. दहाच्या दहा बघा.

4. परत त्या चालू जागी टेस्टर लावून बघा. मधल्या वेळात टेस्टरच मेला नाही ना, हे यावरून कळतं.

चौथी पायरी लोक हमखास टाळतात. कंटाळा येतो. पण तिच्याशिवाय तिसऱ्या पायरीला काहीच अर्थ राहत नाही.

आणि एवढं करूनही इन्व्हर्टर विसरू नका. लोडशेडिंगच्या काळापासून आपल्याकडे घरोघरी इन्व्हर्टर आहेत, दुकानात जनरेटर आहेत. मेन बंद केला की इन्व्हर्टर आपोआप सुरू होतो आणि ज्या बोर्डाला तुम्ही मेलेला समजता तो दुसऱ्या बाजूने जिवंत होतो. घरमालकाला आधी विचारा, मग स्वतःही बघा.

पायरी 4: पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हर

लाल-पिवळी मूठ म्हणजे इन्सुलेशन असं नाही. बऱ्याच पकडींवर नुसतं रंगीत प्लास्टिक चढवलेलं असतं, हाताला मऊ लागावं म्हणून. खरं इन्सुलेटेड हत्यार ओळखायची खूण म्हणजे एकात एक गुंतलेले दोन त्रिकोण आणि शेजारी 1000 व्होल्ट. त्याबरोबर आयईसी 60900 हा क्रमांक, बनवणाऱ्याचं नाव किंवा चिन्ह, मॉडेल आणि उत्पादनाचं वर्ष. असं हत्यार 1000 व्होल्ट एसी आणि 1500 व्होल्ट डीसीपर्यंत वापरायला बनवलेलं असतं आणि कारखान्यात प्रत्येक नग 10,000 व्होल्टवर तपासला जातो. नुसतं "1000 व्होल्ट" छापलंय आणि दोन त्रिकोण नाहीत, तर ते साधं हत्यार समजा.

मग हातात घेऊन बघा. पकडीच्या मुठीला जबड्याच्या बाजूला उंच कड हवी, घामाने हात घसरला तरी बोट धातूपर्यंत जाऊ नये म्हणून. स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्यावर टोकापर्यंत इन्सुलेशन हवं, फक्त टोकाचा छोटा भाग उघडा. साध्या स्क्रू ड्रायव्हरची लांब उघडी दांडी एमसीबीच्या रांगेत शेजारच्या टर्मिनलला टेकते, हे अपघाताचं नेहमीचं कारण. इन्सुलेशन दोन रंगांचं मिळालं तर तेच घ्या. वरचा थर कापला गेला की आतला रंग दिसतो आणि हत्यार बाजूला काढायची वेळ झाली हे कळतं.

दुकानदार बारा-चौदा नगांची पेटी दाखवेल. सुरुवातीला त्याची गरज नाही. आठ इंची पक्कड, साईड कटर, दोन मापांचे चपट्या टोकाचे आणि दोन मापांचे स्टारचे स्क्रू ड्रायव्हर. पॅनेलचं काम मिळायला लागलं की इन्सुलेटेड पाने घ्या, कारण बसबारचे (पॅनेलमधल्या धातूच्या उघड्या पट्ट्यांचे) नट आवळताना हातातून सुटलेला साधा पाना दोन बसबारवर आडवा पडला तर काय होतं, ते वर सांगितलेल्या तीन हजार अँपियरवरून समजा. नोज प्लायर आणि स्ट्रिपर नंतर घेतले तरी चालतील. टपारियाची साधी हत्यारं आपल्याकडे सगळीकडे मिळतात, त्यांच्याकडे 1000 व्होल्टची वेगळी रांगही आहे. मागताना ती वेगळी मागा. परदेशी हवी असतील तर क्निपेक्स, विहा यांची आहेत, किंमत मात्र बरीच जास्त.

आता यातलं सगळ्यात महत्त्वाचं. या हत्यारांची हद्द 1000 व्होल्टला संपते. डीपीवर येणारी लाईन 11,000 व्होल्टची असते. तिथं ही पक्कड, हे हातमोजे, हा मीटर, काहीही चालत नाही. एवढ्या व्होल्टेजला तर स्पर्शाचीही गरज नसते, जवळ गेलं तरी ठिणगी अंगावर येते. रात्रीची थ्री फेज असते, पिकाला पाणी द्यायचं असतं, डीओ (डीपीवरचा 11,000 व्होल्टच्या बाजूचा फ्यूज) पडलेला असतो आणि शेतकरी म्हणतो, "तेवढा डीओ टाका की, तुम्ही वायरमनच आहात." मीही हे ऐकलंय, आणि समोरचा माणूस आपलाच पाहुणा असला की नाही म्हणणं जड जातं. तरी नाहीच म्हणायचं. डीपी महावितरणची, तिच्यावर त्यांचाच माणूस चढेल. तुम्ही फोन लावून द्या, तो येईपर्यंत शेतकऱ्याजवळ थांबा.

पायरी 5: हातमोजे, मॅट, बूट

रबरी हातमोज्यांवर क्लास लिहिलेला असतो. आपल्या कामाला क्लास झिरो, तो 1000 व्होल्ट एसीपर्यंत. त्यावर चामड्याचा मोजा घाला, नाहीतर वायरचं टोक रबर टोचतं. वापरण्याआधी मनगटाकडून गुंडाळत हवा कोंडा, दाबा आणि कानाजवळ धरा. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी हवा सुटल्याचं कळतं. पॅनेलसमोरची मॅट आयएस 15652 ची घ्यायला कारखान्यात सांगा. काळ्या रबराचा कुठलाही तुकडा ती जागा भरून काढत नाही. डोळ्यांना चष्मा, पायात कोरडे बंद बूट. अंगठी, कडं, गळ्यातली साखळी घरी.

आरसीसीबी (जमिनीकडे गळणारा करंट ओळखून सप्लाय तोडणारा स्विच) आहे म्हणून निर्धास्त राहणारे भेटतात. 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी फेज ते जमीन असा शॉक ओळखतो. एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला लागला, तर त्याच्या दृष्टीने तुम्ही म्हणजे एक बल्ब. तो पडत नाही.

पायरी 6: सांभाळ, आणि पुरानंतरचं काम

हत्यारं कोरड्या फडक्याने रोज पुसा. डाग गेला नाही तर साबणाचं पाणी. रॉकेल, पेट्रोल, थिनर लावू नका, इन्सुलेशन मऊ पडतं किंवा तडकतं. हळदीच्या गिरणीत काम करून आलात तर मुठीच्या खाचांत भुकटी बसते आणि पावसाळी हवेत ती ओल धरते. त्या दिवशी नीट धुऊन, वाळवून ठेवा. गाडीच्या डिकीत पाना, हातोडी, छिन्नी यांच्याबरोबर इन्सुलेटेड हत्यारं टाकू नका. कॅनव्हासची खणाची गुंडाळी शिवून घ्या. इन्सुलेशनला चीर पडली की त्यावर टेप गुंडाळून वापरायचं नाही. ती पक्कड सुताराला द्या.

मीटर महिनाभर पडून राहणार असेल तर सेल काढा, गळून आतली पट्टी खातो. सेल उतरल्याची खूण दिसली की आकड्यावर विश्वास ठेवू नका.

सांगलीत काम करणाऱ्याला पुराची तयारी वेगळी लागते. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी 45 फूट असताना. 2021 च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. पाणी ओसरलं की प्रत्येक घरातून एकच हाक येते: लाईट चालू करून द्या. त्या घाईत मीटरवर कंटिन्यूटी बघून वायरिंग ठीक म्हणणारे मी पाहिलेत. कंटिन्यूटी बघताना मीटर सेलच्या दोन-चार व्होल्टवर काम करतो. ओल्या इन्सुलेशनचा दोष त्याला दिसणार नाही. त्यासाठी 500 व्होल्ट डीसीचा मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजणारा मीटर लागतो.

मेन बंद, बोर्डावर सप्लाय नाही याची पायरी 3 मध्ये सांगितलेल्या रीतीने खात्री. सगळे बल्ब, एलईडी, पंख्याचे रेग्युलेटर, प्लग काढा, नाहीतर मेगरच्या व्होल्टेजने ते जातील किंवा आकडा चुकेल. मग फेज-अर्थिंग, न्यूट्रल-अर्थिंग, फेज-न्यूट्रल असं एकेका सर्किटचं बघा. 1 मेगाओहमच्या खाली आकडा असेल तर ते सर्किट चालू करायचं नाही. पाईपमधलं पाणी काढा, पेट्या उघड्या ठेवून वाळू द्या, दोन-तीन दिवसांनी परत लावा. बुडालेले एमसीबी आणि आरसीसीबी वाळवून पुन्हा वापरू नका, आत गाळ बसलेला असतो. मेगर लावून झाल्यावर वायरला लगेच हात लावू नका. लांब केबलमध्ये चार्ज साठतो, तो मेगरच्या डिस्चार्जने किंवा रेझिस्टरने आधी उतरवा. मेगर महाग वाटला तर तिघा-चौघांनी मिळून एक घ्या. आम्ही तसाच घेतला होता, आणि पुराच्या आठवड्यात तो एका हातातून दुसऱ्या हातात फिरत होता.

पैसे थोडे असतील तर कुठल्या क्रमाने घ्यावं

पहिल्या महिन्यात टू-पोल टेस्टर, बाहेरच्या प्रयोगशाळेची खूण असलेला, आणि डोळ्यांचा चष्मा. दुसऱ्या महिन्यात दोन त्रिकोणांची पक्कड आणि चार स्क्रू ड्रायव्हर. मग कॅट थ्रीचा ट्रू आरएमएस टाँग टेस्टर चांगल्या लीडसह, तो येईपर्यंत मोजायचं काम सीनियरच्या मीटरवर आणि त्याच्या समोर. हातमोजे पॅनेलचं काम सुरू व्हायच्या आधी. मेगर पावसाळ्याच्या आधी, वाटणीत. ऑनलाईन मागवलं तर पार्सल उघडल्यावर आधी हत्यारावर दोन त्रिकोण, मीटरवर कॅटचा आकडा आणि मल्टिमीटरमध्ये फ्यूज बघा. यातलं एक जरी नसेल तर वापरून बघू नका, त्याच दिवशी परत पाठवा.